आमच्या नाताळातला आगमनकाळ कुठे गेला?

सुरूची_सावली | 3 डिसेंबर, रात्री 10:42

रविवारी आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचा चार रविवारांचा काळ, सुरू झाला. वेदीजवळच्या चार मेणबत्त्यांपैकी पहिली जांभळी पेटली, फादर जांभळ्या वस्त्रांत होते, मिस्सामध्ये (चर्चमधल्या उपासनेत) गौरवगीत म्हटलं गेलं नाही. रविवारच्या मिस्सात ते आता नाताळपर्यंत नाही. मिस्सा संपवून बाहेर आले तर रस्त्यापलीकडच्या दुकानात सांताच्या टोप्या टांगलेल्या आणि स्पीकरवर नाताळची गाणी. आत वाट पाहणं नुकतं सुरू झालं होतं आणि बाहेर सण अर्धा उरकलाही होता. तेव्हापासून डोक्यात घोळतंय ते इथे लिहिते.

मी वसईची, निर्मळ-नंदाखाल बाजूची. इथल्या बऱ्याच जणांना माहीत असेल, तरी सांगते: आमची मिस्सा मराठीत, प्रार्थना मराठीत, भांडणंही मराठीत. पोर्तुगीज वसईत 1534 ला आले आणि 1739 ला चिमाजी आप्पांनी किल्ला घेतल्यावर गेले, पण 'नाताळ' हा शब्द मागे राहिला. पोर्तुगीजमध्ये 'नाताल' म्हणजे जन्मदिवस. दुकानावर 'नाताळ ऑफर' वाचताना मला तो अर्थ आठवतो आणि कसंतरी होतं.

गेल्या महिन्यात माळा आवरताना बाबांची वही सापडली. बाबा वाडीवाले, पानवेल आणि केळी करायचे. वहीत पानांचा हिशेब आणि मध्येच दोन पानं नाताळची. डावीकडे खरेदी: मैदा, रवा, गूळ, नारळ, तेल, पतंगी कागद, मुलांचे कपडे वगैरे. एकूण 9 ओळी. उजव्या पानावर घरांची यादी, कोणाकडे ताट पाठवायचं त्यांची. मी मोजली, 31 घरं. त्यात नातेवाईक थोडेच. वाडीत कामाला येणारे, पंप दुरुस्त करणारे, शाळेतले मास्तर, समोरचं सामवेदी ब्राह्मणांचं घर, आणि बांधावरून ज्यांच्याशी वाद चालू होता ते शेजारीसुद्धा. त्यांच्या नावापुढे बाबांनी लिहिलंय, "भांडण आहे, तरी पाठवणे."

मग मी माझ्या फोनमधली यंदाची यादी उघडली. 46 वस्तू. घर एकही नाही.

मी कोणाला दोष देत नाहीये. यादी माझीच आहे. पण मला वाटतं आपण कॅलेंडर उलटं करून टाकलंय. आगमनकाळ हा तयारीचा, संयमाचा काळ. पूर्वी लोक या दिवसांत उपास करायचे. सण 24 च्या रात्री सुरू होतो आणि पुढे येशूबाळाला भेटायला आलेल्या तीन राजांच्या सणापर्यंत (6 जानेवारी) आणि त्याच्याही थोडा पुढे चालतो. बाजाराचा नाताळ नोव्हेंबरात सुरू होतो आणि 25 च्या संध्याकाळी संपतो. 26 ला दुकानात थर्टी फर्स्टचा माल येतो. म्हणजे ज्या दिवसांत वाट पाहायची तेव्हा आपण खाऊन-नटून दमतो, आणि खरा सण येतो तेव्हा कंदील उतरवायला लागतो.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात एक बारीक गोष्ट आहे, तिच्याकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही. बाळाला मंदिरात नेलं तेव्हा मरिया आणि योसेफने अर्पण केलं ते दोन पक्षी: होल्यांची जोडी किंवा पारव्यांची दोन पिल्लं. मोशेच्या नियमात ही सवलत ज्यांना कोकरू परवडत नाही त्यांच्यासाठी होती. म्हणजे ज्याच्या जन्माचा हा सगळा थाट, त्याच्या आईबापांनी मंदिरात गरिबांचं अर्पण दिलं होतं.

तुमच्याकडे आगमनकाळ पाळतात का? घरात काय करता? ख्रिस्ती नसलेल्यांनीही लिहा, तुमच्या सणांचं काय झालंय तेही.

---

मुळाकाठ | 3 डिसेंबर, रात्री 11:25

आम्ही हिंदू, पुण्यात राहतो. मुलीच्या शाळेतून आज निरोप आला: 24 ला लाल कपडे आणि एकमेकांना द्यायला भेटवस्तू. मुलीने विचारलं, "आई, सांता म्हणजे येशूचे बाबा का?" मला हसू आलं नाही, कारण मलाही नीट सांगता येईना. सांता आणि येशू यांचा संबंध काय?

दुसरं, वहीतली ती ओळ वाचून थांबले. आमच्याकडे दिवाळीचा फराळ असाच घरोघरी जायचा, वरून क्रोशाचा रुमाल टाकलेलं ताट. आता कुरिअरने सुकामेव्याचा खोका येतो, आत छापील कार्ड. कोणी दिलं ते कार्ड वाचून कळतं.

---

जुनी_पानं | 4 डिसेंबर, सकाळी 7:10

@मुळाकाठ, संबंध आहे, पण लांबून. चौथ्या शतकात मायरा या शहरात (आजच्या तुर्कस्तानात) निकोलस नावाचे बिशप होते. त्यांची सगळ्यात प्रसिद्ध आख्यायिका अशी की, एका गरीब बापाला तीन मुली होत्या आणि हुंड्याला पैसे नव्हते. निकोलस रात्रीच्या अंधारात त्यांच्या घरात पैशांची थैली टाकून गेले, कोणी दिलं ते कळू नये म्हणून. त्यांचा सण 6 डिसेंबरला. डच लोकांचा 'सिंटरक्लास' म्हणजे हेच संत निकोलस. हे नाव अमेरिकेत न्यूयॉर्कला पोचलं आणि 'सांताक्लॉज' झालं. 1823 साली छापल्या गेलेल्या एका कवितेने त्याला आठ रेनडिअरची घसरगाडी दिली. व्यंगचित्रकार थॉमस नास्टने 1863 पासून त्याची चित्रं काढत त्याचं पोट-दाढीवालं रूप लोकांच्या मनात रुजवलं. कोका-कोलाच्या प्रसिद्ध जाहिराती 1931 पासूनच्या. लाल रंग त्यांनी दिला असं सगळीकडे फिरतं ते खरं नाही, लाल सांता आधीपासून होता. त्यांनी त्या एकाच रूपाला जगभर पोचवलं.

मुलीला एवढंच सांगा: एक माणूस होता, तो रात्री लपून मदत करायचा. लाल कपड्यांपेक्षा ही गोष्ट तिच्या जास्त लक्षात राहील.

आणि नाताळच्या थाटावर चिडणारे आपण पहिले नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या प्युरिटन (कर्मठ प्रोटेस्टंट) लोकांनी 1659 मध्ये नाताळ साजरा करणाऱ्याला 5 शिलिंग दंड लावला होता. तो कायदा 1681 पर्यंत होता. मला ती वाट चुकीची वाटते. बाजाराला कंटाळून सणच बंद केला तर गरिबाचा वर्षातला एक आनंदाचा दिवसही जातो.

---

प्रश्न_विचारा | 4 डिसेंबर, सकाळी 9:32

मुळात येशू 25 डिसेंबरला जन्मला याला बायबलमध्ये आधार नाही. तारीखच ठरवून घेतलेली, मग 'खरा अर्थ' कशाला शोधायचा?

---

जुनी_पानं | 4 डिसेंबर, सकाळी 10:05

तारखेला आधार नाही हे बरोबर. रोममध्ये 336 साली 25 डिसेंबरला हा सण पाळल्याची नोंद आहे, त्याआधीचं चित्र धूसर आहे. पण ज्या आजीला स्वतःची जन्मतारीख माहीत नाही तिचा वाढदिवस नातवंडं एक दिवस ठरवून करतातच ना? त्या दिवशी आजी खरी असते. अर्थ तारखेत शोधायचा नसतो.

---

स्टेशनजवळचं_दुकान | 4 डिसेंबर, दुपारी 2:48

मी दुसरी बाजू लिहितो, राग मानू नका. माझं दुकान वसईतच आहे. मी ख्रिस्ती नाही, पण 22 वर्षं नाताळचा माल विकतोय. या 25 दिवसांवर माझे पुढचे तीन महिने निघतात. बांबूच्या कामट्यांच्या चांदण्या मी गावातल्या बायकांकडून घेतो. त्या दिवाळीला आकाशकंदील करतात आणि लगेच चांदण्यांना बसतात. पैसे त्यांच्या हातात पडतात, नवऱ्याच्या नाही. तुम्ही 'साधेपणा' म्हणून खरेदी थांबवली तर मोठ्या मॉलला काही होणार नाही, पहिली झळ त्या बायकांना लागेल.

माझं दुःख वेगळं आहे. गेली काही वर्षं लोक चांदणी हातात घेतात, छान म्हणतात आणि तयार एलईडीची घेऊन जातात, कारण ती लुकलुकते. गोठ्यासाठी, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यासाठी, पूर्वी पेंढा मागायचे, मी शेतकऱ्याकडून आणून ठेवायचो. आता मोटर मागतात, धबधब्यासाठी. गोठ्यांच्या स्पर्धा असतात ना, त्यात ज्याचं पाणी वाहतं त्याला बक्षीस.

---

सुरूची_सावली | 4 डिसेंबर, रात्री 9:15

दादा, राग कसला, तुम्ही माझ्या लिहिण्यातली चूक दाखवलीत. खरेदी हे पाप आहे असं मला म्हणायचं नव्हतं, पण वाचताना तसंच वाटतंय. बाबांच्या डाव्या पानावरही पतंगी कागद आहेच. यंदाची चांदणी कामट्यांचीच घेणार.

गोठ्याबद्दल मात्र लिहायलाच हवं. पहिला गोठा संत फ्रान्सिस आसिसीकर यांनी 1223 साली ग्रेच्चो नावाच्या इटलीतल्या गावात केला असं मानतात. त्यात मूर्ती नव्हत्या. एक गव्हाण, तिच्यात गवत, शेजारी खरा बैल आणि खरं गाढव. त्या गव्हाणीवर मिस्सा झाली आणि गावची माणसं मशाली घेऊन बघायला आली. पोप फ्रान्सिस 1 डिसेंबर 2019 ला त्याच ग्रेच्चोला गेले आणि गोठ्याच्या परंपरेवरच्या पत्रावर तिथे सही केली. म्हणजे गोठ्याची सुरुवातच मुळात 'देव किती साधेपणाने आला ते डोळ्यांनी बघा' अशी होती. त्याचा धबधबा झाला.

आमची आई गोठा करायची तो असा: वाडीतली माती, भाताचा पेंढा, सुरूची एक फांदी, आणि पसरट भांड्यात उगवलेली नाचणी, ते हिरवं कुरण. गव्हाण पहिल्या दिवसापासून मांडलेली, पण रिकामी. येशूबाळ आईच्या कपाटात कापसात गुंडाळून ठेवलेला. आम्हा भावंडांना नियम होता: दिवसभरात एखादं काम न सांगता केलं, कोणाला काही दिलं, भांडण स्वतःहून मिटवलं, तर संध्याकाळी पेंढ्याची एक काडी गव्हाणीत ठेवायची. 24 च्या रात्री मिस्साहून आल्यावर बाळ त्या काड्यांवर ठेवायचा. एका वर्षी माझा भाऊ इतका त्रासदायक वागला की गव्हाणीत त्याच्या दोनच काड्या होत्या. 24 च्या संध्याकाळी तो रडवेला होऊन मागच्या घरातल्या म्हातारीचं पाणी भरायला गेला, का तर बाळाला टोचेल. त्या पाच वर्षांच्या मुलाला आगमनकाळ कळला होता. मला आता कळतोय का, शंका आहे.

---

गोदाकाठची_मंडळी | 5 डिसेंबर, सकाळी 8:20

मी नगर जिल्ह्यातला, प्रोटेस्टंट. आमचे पणजोबा अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीतले. मिशन नगरला 1831 मध्ये आलं. मेणबत्त्या, जांभळा रंग हे आमच्याकडे लहानपणी नव्हतं. आमचा नाताळ म्हणजे भजन. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी आमच्या लोकांच्या तोंडी येशूसाठी अभंग दिले. आमच्या गावात 24 च्या रात्री टाळ, ढोलकी आणि कंदील घेऊन मंडळी प्रत्येक दारापुढे थांबायची. दारातून चहा आणि मूठमूठ ज्वारी मिळायची. ती गोळा करून 25 ला उपासनेनंतर सगळ्या गावाला जेवण. आता स्टेज आणि डीजे आला, ज्वारीची झोळी गेली. इथपर्यंत मी ताईंशी सहमत.

पण एक गोष्ट मनापासून सांगतो. आमचे लोक बहुतेक महार आणि मांग समाजातून आलेले. माझ्या आजीच्या लहानपणी गावात त्यांना नवं लुगडं नेसून चावडीवरून जायची सोय नव्हती. तिला आयुष्यातलं पहिलं कोरं लुगडं मिळालं ते नाताळला. ते नेसून ती मधल्या रस्त्याने चर्चला गेली, हे ती मरेपर्यंत सांगायची. ताई, तुमच्याकडे वाडी होती, बागायत होती. ज्याच्याकडे आधीपासून आहे त्याला साधेपणा निवडता येतो. आमच्या घरांत नवं कापड, गोडाधोडाचं ताट, दारावर रोषणाई याला हौस म्हणत नाहीत. आम्हीही माणसं आहोत हे सांगायचा तो एक दिवस होता. म्हणून कोणी 'नाताळात खर्च करू नका' असं प्रवचन दिलं की माझी आई उठून जाते.

मरियेच्या गीतात म्हटलंय की देवाने भुकेल्यांना उत्तम पदार्थांनी तृप्त केलं आणि धनवानांना रिकामं लावून दिलं. आमच्या घरात नाताळला हेच वाचतात. त्यात भुकेल्याला 'कमी खा' असं सांगितलेलं नाही.

---

सुरूची_सावली | 5 डिसेंबर, दुपारी 1:03

तुमचं लिहिणं तीनदा वाचलं. उत्तर लगेच देणार नव्हते, पण गप्प बसणंही बरोबर नाही. तुमच्या आजीचं लुगडं आणि माझी 46 वस्तूंची यादी एकाच मापाने मोजायची नाही, हे मी मान्य करते. मला जे खटकतं ते माझ्यासारख्यांच्या घरातलं: कपाट भरलेलं असताना घेतलेलं नवं, आणि शेजाऱ्याला दाखवायला केलेलं. आमच्या भागात जमिनींना भाव आल्यावर हे फार वाढलंय. कर्ज काढून नाताळची पार्टी देणारी घरं मी पाहिली आहेत, शेजारच्याने दिली म्हणून. तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.

---

एल्बेच्या_काठी | 5 डिसेंबर, संध्याकाळी 6:50

जर्मनीतल्या हॅम्बर्गहून लिहितेय, मूळची नाशिकची. आगमनकाळाच्या चक्राकार मेणबत्त्यांची प्रथा याच शहरातली, हे इथे आल्यावर कळलं. योहान हिन्रिख विखर्न नावाचे धर्मपंडित गरीब मुलांसाठी एक आश्रम चालवायचे. मुलं रोज विचारायची, नाताळ कधी? त्यांनी 1839 मध्ये एका गाडीच्या चाकावर मेणबत्त्या बसवल्या, आठवड्याच्या दिवसांना छोट्या, रविवारी मोठी, आणि रोज एक पेटवायची. ज्यांच्याकडे काही नाही अशा मुलांना दिवस मोजायला शिकवण्यासाठी ही गोष्ट सुरू झाली! आता तेच चाक फुलांच्या दुकानात महागात मिळतं.

इथेही बाजार काही कमी नाही. पण दोन गोष्टी मला आवडतात. रविवारी दुकानं बंद, आणि 25-26 ला शहर खरंच शांत होतं. दुसरी म्हणजे जानेवारीच्या सुरुवातीला मुलं तीन राजांचे कपडे घालून, काठीवर चांदणी घेऊन घरोघरी गातात, दारावर खडूने आशीर्वाद लिहितात आणि इतर देशांतल्या मुलांसाठी पैसे गोळा करतात. 1959 पासून हे देशभर एकत्र चालतं. सण 25 ला संपला असं त्या मुलांना कोणी सांगितलेलं नाही. पहिल्या वर्षी मी घाबरून दार उघडलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी उघडलं. खडूची ती अक्षरं मी वर्षभर पुसली नाहीत.

---

मांडवी_पल्याड | 5 डिसेंबर, रात्री 8:12

गोव्यात 25 ते 31 किनाऱ्यावर जे चालतं ते सगळ्यांना माहीत आहे, त्यावर लिहीत नाही. पण 6 जानेवारीला कासावलीला या. कासावली, आरोसी आणि कुएली या तीन गावांतले तीन मुलगे राजे होऊन घोड्यावरून टेकडीवरच्या कपेलात (छोट्या चर्चमध्ये) जातात. पर्यटक तोवर बरेचसे परतलेले असतात. नेवऱ्या, दोदोल असं गोडधोड घातलेलं ताट शेजारी पाठवायची रीतही अजून टिकून आहे, त्याला आम्ही 'कोन्सुआद' म्हणतो. हिंदू शेजाऱ्यांकडून चतुर्थीला आमच्याकडे येतं, नाताळला आमचं त्यांच्याकडे जातं.

---

पार्सलवाला | 6 डिसेंबर, रात्री 12:35

धागा सगळा वाचला. नालासोपाऱ्याला राहतो, ख्रिस्ती आहे, पार्सल पोचवायचं काम करतो. कंपनीचं नाव लिहीत नाही. डिसेंबरात रोज शंभराच्या वर पार्सलं असतात. 24 ला सुट्टी मागितली तर त्या दिवसाचा जादा भत्ता जातो आणि पुढच्या आठवड्यात कमी काम देतात. गेली तीन वर्षं 24 च्या रात्रीची मिस्सा मिळाली नाही. गेल्या वर्षी रात्री साडेदहाला एका घरी मुलांच्या खेळण्याचा खोका द्यायला गेलो. ती माणसं चर्चला निघाली होती, नवे कपडे घालून. बाई म्हणाल्या, बरं झालं वेळेत आलात. मी म्हटलं, हॅपी ख्रिसमस. त्यांना कळलं नाही की मी पण तिकडेच जायला हवा होतो. त्या वाईट नव्हत्या, घाईत होत्या.

तुम्ही सगळे बाजाराबद्दल लिहिताय, म्हणून सांगावंसं वाटलं. तो खोका कोणीतरी उचलून आणतं. येशू जन्मला त्या रात्री मेंढपाळ पण कामावरच होते, हे मला लहानपणी शिकवलेलं आठवतं. देवदूत त्यांच्याकडेच आधी आला. एवढ्याच आधारावर काढतो तो महिना.

---

स्टेशनजवळचं_दुकान | 6 डिसेंबर, सकाळी 7:30

भाऊ, वाचून गलबललं. मीही दुकानातल्या पोरांना 24 ला रात्री अकरापर्यंत थांबवतो. त्यातला एक ख्रिस्ती आहे. यंदा त्याला सहा वाजता सोडतो.

---

सुरूची_सावली | 6 डिसेंबर, सकाळी 8:05

@पार्सलवाला, आम्ही दरवर्षी 23-24 ला काहीतरी मागवतोच, विसरलेलं म्हणून. आज यादी घेऊन बसले. जे ऑनलाइन मागवायचं ते 15 च्या आत मागवणार, त्यानंतर काही नाही. घरात सांगितलं, मुलगा कुरकुरला, मग त्याला तुमचं लिहिलेलं वाचून दाखवलं. तो काही बोलला नाही, फोनमधून दोन गोष्टी त्याने स्वतःच काढल्या.

46 वरून यादी 19 वर आली. खाली घरं लिहायला घेतली. 11 झाली आहेत. बाबांच्या 31 पैकी 4 घरं अजून तिथेच आहेत, बाकीची वाडी विकून गेली. बांधावरच्या शेजाऱ्यांची नात आता नंदाखालला राहते. तिचं नाव पाचवं.

तुमचं बारावं लिहिलंय. 25 ला सकाळची मिस्सा तरी मिळते का? मिळत असेल तर नंतर आमच्याकडे जेवायला या. पत्ता निरोपात पाठवते.

---

पार्सलवाला | 6 डिसेंबर, रात्री 11:50

25 ला दुपारी दोनला ड्युटी आहे ताई. आठची मिस्सा मिळेल. येतो. आईला पण आणू का?

---

सुरूची_सावली | 7 डिसेंबर, सकाळी 6:20

विचारायचं असतं का ते. आणा.

---

मुळाकाठ | 7 डिसेंबर, सकाळी 9:45

मुलीला निकोलसची गोष्ट सांगितली. ती आता वर्गातल्या एका मुलीच्या दप्तरात चिठ्ठी न लावता पेन्सिलींचा डबा ठेवणार आहे. लाल कपडे घालायचेच आहेत, ते सोडायला तयार नाही.

एक विचारायचं होतं. आम्ही नाताळ करत नाही, पण ते हिरवं कुरण तिला करून बघायचंय. नाचणी किती दिवस आधी पेरायची?

---

सुरूची_सावली | 7 डिसेंबर, सकाळी 10:10

करा की, कोणाचीही नाचणी उगवते. रात्रभर भिजवा, सकाळी पाणी काढून फडक्यात बांधून ठेवा, मोड दिसले की पसरट ताटलीत बोटभर मातीवर दाट पसरा. वरून माती नको. दिवसातून दोनदा पाणी शिंपडा, ओतू नका, दाणे एका बाजूला वाहून जातात. आठ-दहा दिवसांत बोटभर वर येते, म्हणून आम्ही साधारण 14 ला पेरतो. उन्हात ठेवू नका. पहिले चार दिवस काहीच झालं नाही असं वाटेल, मुलीला सांगून ठेवा, उकरून बघायचं नाही.